पानाला सावलीत जाता येत नाही

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारानंतर घराबाहेर पडायचं म्हणजे तयारीनिशी पडायचं. डोक्याला दुपट्टा, डोळ्यांना गॉगल, पोटात कैरीचं पन्हं, जुन्या माणसांच्या खिशात कांदा. सिग्नलवर हिरवी जाळी बांधलेली असते, गाड्या तिच्या सावलीतच थांबतात, पांढऱ्या पट्टीच्या बऱ्याच मागे. गाई कडुनिंबाखाली रवंथ करत बसतात, कुत्री नळाखालच्या ओल्या मातीत अंग टाकतात. ज्याला हलता येतं असा प्रत्येक जीव या तीन-चार तासांत सावली धरतो. कडुनिंब मात्र होता तिथेच उभा असतो. आपण ज्या सावलीत शिरतो ती त्याच्या पानांनी अंगावर घेतलेल्या उन्हामुळे पडलेली असते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. प्रकाशसंश्लेषणाचं चित्र फळ्यावर काढताना एक सूर्य, एक बाण आणि एक पान काढायचं, ही रीतच आहे. बाण सूर्याकडून पानाकडे जातो आणि पानातून साखर बाहेर पडते. चित्र चुकीचं नाही. पण ते पाहून वाटतं की ऊन जितकं जास्त तितकं झाडाचं भलं. विदर्भात राहणाऱ्या माणसाला तरी हे पटायला नको. इथल्या झाडाचं निम्मं कसब ऊन पकडण्यात आहे आणि निम्मं पकडलेल्या उन्हापासून स्वतःला वाचवण्यात. या दुसऱ्या निम्म्याबद्दल वर्गात फार कमी बोललं जातं, म्हणून हा लेख.

आधी ऊन म्हणजे काय काय येतं ते पाहू. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा जेमतेम पाच टक्के. डोळ्यांना दिसणारा प्रकाश, म्हणजे ढोबळमानाने 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा पट्टा, पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास. उरलेला साधारण निम्मा भाग अवरक्त. दृश्य प्रकाशाला लागून असलेल्या अवरक्तातला बहुतेक भाग पान परत तरी फेकतं किंवा आरपार तरी जाऊ देतं. त्यातून साखर होणार नसते, अंग तेवढं तापणार असतं. अतिनीलमध्येही तीन प्रकार मानतात. 280 नॅनोमीटरच्या खालचे सर्वांत घातक किरण वरच्या हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन पूर्णपणे गिळून टाकतात. 280 ते 315 मधले, म्हणजे ‘बी’ प्रकारचे, थोडेसे झिरपतात. 315 ते 400 मधले ‘ए’ प्रकारचे बऱ्यापैकी पोचतात.

किती झिरपतात हे सूर्य आकाशात किती वर आहे यावर ठरतं. नागपूर 21 अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली. त्यामुळे 26 मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या मध्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मेमधल्या त्या दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास अंगणात उभ्या ठेवलेल्या बाटलीची सावली तिच्या बुडाखालीच राहते. किरण सरळ उभे येतात तेव्हा त्यांना ओझोनच्या थरातून सर्वांत कमी अंतर कापावं लागतं. म्हणजे ज्या दिवसांत उष्मा कडक असतो त्याच दिवसांत अतिनीलही इथे भरपूर असतं. पावसाळा अजून यायचा, मातीत ओल नाही, आणि वरून हे.

आता पानाच्या आत जाऊ. त्यासाठी मी वर्गात एक प्रयोग करते, तो घरीही सहज जमतो. पालकाची पानं चिमूटभर वाळू घालून खलात घोटायची, वर थोडं स्पिरिट ओतायचं आणि गाळून घ्यायचं. परीक्षानळीत गर्द हिरवं पाणी जमतं. जवळ ज्योत नको, स्पिरिट पेट घेतं. मग खोलीत अंधार करायचा आणि नोटा तपासायला दुकानदार वापरतात तो जांभळा टॉर्च नळीवर धरायचा. त्या टॉर्चचा प्रकाश साधारण 395 नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनीलच्या उंबरठ्यावरचा. टॉर्च लागताच नळीतलं हिरवं पाणी रक्तासारखं लाल उजळतं. टॉर्च बाजूला घेतला की पुन्हा हिरवं. मुलं दरवर्षी तोच प्रश्न विचारतात: मॅडम, जांभळा प्रकाश टाकला, पाणी हिरवं, मग लाल आलं कुठून?

त्या लालमध्ये अर्धं प्रकाशसंश्लेषण आहे. प्रकाशाचा एक कण, फोटॉन, हरितद्रव्याच्या रेणूवर आदळतो आणि रेणू त्याची ऊर्जा घेऊन उत्तेजित होतो. निळ्या फोटॉनमध्ये लाल फोटॉनच्या दीडपट ऊर्जा असते, 300 नॅनोमीटरच्या अतिनील फोटॉनमध्ये दुपटीहून अधिक. पण हरितद्रव्याला त्याचा उपयोग नसतो. कितीही ऊर्जेचा कण घेतला तरी रेणू क्षणार्धात, सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही कितीतरी आधी, सर्वांत खालच्या उत्तेजित पायरीवर येतो आणि मधला फरक उष्णतेत जातो. साखरेचं काम सुरू होतं ते या खालच्या पायरीवरून, आणि ती पायरी लाल फोटॉनच्या ऊर्जेइतकीच उंच. टपरीवर पाचशेची नोट दिली काय, शंभराची दिली काय, चहा एकच मिळणार आणि सुटे परत मिळणार नाहीत, असा हा व्यवहार. स्पिरिटमधल्या हरितद्रव्याला तर चहाही मिळत नाही. त्याच्या शेजारी ऊर्जा पुढे नेणारं कुणी नाही, पेशीची रचना खलातच मोडली. म्हणून ते रेणू त्यांच्याकडची ऊर्जा लाल प्रकाश म्हणून बाहेर टाकतात.

जिवंत पानही असं लाल चमकतं, फक्त फार थोडं. घेतलेल्या प्रकाशातला एखाद-दोन टक्के भागच असा परत येतो, दिवसाउजेडी तो आपल्याला दिसत नाही. उपग्रहांना मात्र दिसतो. 2014 मध्ये सोडलेल्या नासाच्या ओसीओ-2 या उपग्रहाचं मुख्य काम हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजण्याचं, पण त्याच्या नोंदींतून जंगलांची आणि पिकांची ही लाल झाकही वाचता येते, आणि त्यावरून पानं किती काम करताहेत याचा अंदाज बांधता येतो. पालक घोटून परीक्षानळीत जे दिसतं तेच सातशे किलोमीटर उंचीवरून मोजलं जातं, हे सांगताना मला अजूनही आनंद होतो.

जिवंत पानात ही ऊर्जा वाया का जात नाही? कारण तिथे हरितद्रव्याचे रेणू एकेकटे नसतात. दोनशे-तीनशे रेणू मिळून एका केंद्रासाठी प्रकाश गोळा करतात. कुठल्याही रेणूवर फोटॉन पडला तरी ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे सरकत केंद्रापर्यंत पोचते. एवढा गोतावळा लागतो, कारण भर उन्हातही एका रेणूच्या वाट्याला सेकंदाला मोजकेच फोटॉन येतात. एक रेणू, एक केंद्र अशी व्यवस्था असती तर केंद्र बहुतेक वेळ रिकामंच राहिलं असतं. केंद्रात पाण्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन सुटतो. ऑक्सिजनचा एक रेणू मिळवायला किमान आठ फोटॉन खर्ची पडतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त.

कुठल्या रंगाला काम जास्त, हे जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर एंगेलमन यांनी 1882 मध्ये फार सुंदर रीतीने दाखवलं होतं. शेवाळाच्या तंतूवर त्यांनी सूर्यप्रकाशाचा सप्तरंगी पट्टा पाडला आणि ऑक्सिजनकडे धावणारे जिवाणू त्या पाण्यात सोडले. जिवाणूंनी तांबड्या आणि निळ्या पट्ट्यापाशी गर्दी केली, हिरव्यापाशी ते विरळ राहिले. मोजायला यंत्र नव्हतं, जिवाणूच यंत्र झाले. आमच्या प्रयोगशाळेत हायड्रिला या पाणवनस्पतीचे बुडबुडे मोजताना ही हकिकत मी हमखास सांगते.

पण याच प्रयोगावरून एक समज पसरला, की पान हिरवा प्रकाश घेतच नाही. याबद्दल मला जरा तक्रार आहे. तंतू पातळ असतो, पान जाड. पानात शिरलेला हिरवा किरण पेशींच्या भिंतींवर आणि मधल्या पोकळ्यांत इकडून तिकडे आदळत राहतो, आणि दर फेरीत शोषला जाण्याची थोडी संधी असते. शेवटी बहुतेक पानं निळ्या-तांबड्याचा नव्वद टक्के तर हिरव्याचाही सत्तर-ऐंशी टक्के भाग घेतात. जो थोडा जास्तीचा सुटतो त्यामुळे झाड हिरवं दिसतं. 2009 मध्ये इचिरो तेराशिमा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी सूर्यफुलाच्या पानांवर दाखवलं की उन्हाचा जोर असताना जास्तीचा हिरवा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक कामाला येतो. तांबडा-निळा वरच्याच थरात संपतो आणि तिथल्या पेशी आधीच तृप्त असतात. हिरवा खोल उतरतो, तळच्या उपाशी पेशींपर्यंत.

या ‘आधीच तृप्त’पाशी नागपूरचं ऊन येतं.

आमच्या मामाजींचा काटोलजवळ संत्र्याचा बगीचा आहे. आंबिया बहाराची फळं झाडावर लिंबाएवढी असतात तेव्हा उन्हाळा ऐन भरात असतो. अशाच एका सकाळी ते मला झाडाच्या घेराबाहेरची आणि घेरातली पानं दाखवत होते. “बाहीरचे पाय, कसे उभे रायते. अन् आतले पाय, कसे पसरले.” मी दोन्ही जागची पानं तोडून तळहातावर शेजारी-शेजारी ठेवली. बाहेरचं लहान, जाडसर, रंगाला फिकट, मधल्या शिरेवर किंचित दुमडलेलं. आतलं मोठं, पातळ, जवळजवळ काळपट हिरवं आणि अगदी सपाट. झाड एकच, फांदीही एकच. बाहेरच्या पानाने उन्हाला नुसती कड दिली होती, आतल्याने जेवढं मिळेल तेवढं धरायला अंग मोकळं सोडलं होतं.

संत्र्याच्या पानाची भूक भर दुपारच्या उन्हाच्या साधारण एक तृतीयांशात भागते. त्यापुढे कितीही ऊन पडलं तरी साखर वाढत नाही. शिवाय पारा पस्तिशीच्या वर गेला की काम उलट मंदावतं. हवा कोरडी, मुळांना पाणी पुरत नाही, म्हणून पान त्याची पर्णरंध्रं आवळतं. रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येत नाही. पाणी वाचतं, पण साखर करायला लागणारा मालच बंद होतो. प्रकाश मात्र येतच राहतो. चार बोटं लांबीच्या पानावर दर सेकंदाला तीनावर अठरा शून्यं एवढे दृश्य प्रकाशाचे फोटॉन आदळत असतात, आणि हरितद्रव्याला ते घ्यायचे नाहीत असं ठरवता येत नाही. घेतलेली ऊर्जा वेळेत पुढे गेली नाही तर उत्तेजित रेणू शेजारच्या ऑक्सिजनला गाठतो, आणि असा चेतवलेला ऑक्सिजन दिसेल त्या प्रथिनाला, पेशीतल्या पडद्याला जाळत सुटतो.

पान काय करतं? दुमडणं, तिरकं होणं हे पहिले उपाय, ते डोळ्यांना दिसतात. दुसरा उपाय दिसत नाही आणि मला तो सर्वांत थोर वाटतो. पानात हरितद्रव्याबरोबर पिवळी-केशरी कॅरोटिनॉइड द्रव्यं असतात. त्यातलं व्हायोलाझँथिन हे द्रव्य ऊन चढलं की काही मिनिटांत झियाझँथिनमध्ये बदलतं, आणि हे दुसरं द्रव्य प्रकाश गोळा करणाऱ्या त्या गोतावळ्याला उलट्या कामाला लावतं. केंद्राकडे निघालेली ऊर्जा वाटेतच उष्णता होऊन निरुपद्रवीपणे विरते. ऊन उतरलं की झियाझँथिन पुन्हा व्हायोलाझँथिन. भर दुपारी पानाने घेतलेल्या प्रकाशातला अर्ध्याहून अधिक भाग अशा रीतीने सोडून दिला जाऊ शकतो.

एवढं करूनही मोडतोड होतेच. पाणी फोडणाऱ्या केंद्रातलं डी-1 नावाचं प्रथिन उन्हात सतत निकामी होत असतं. कडक उन्हात त्याचं आयुष्य कधी कधी अर्ध्या तासाइतकंच. पान ते मोडलेलं प्रथिन काढून टाकतं, नवं घडवतं, जागी बसवतं, दिवसभर. शेतात उभं असलेलं पीक बाहेरून स्तब्ध दिसतं, आत दुरुस्ती चाललेली असते. त्यालाही ऊर्जा लागते, नत्र लागतं. ज्या झाडाची पानं जस्त-लोहाअभावी आधीच पिवळी पडली आहेत त्याला हा खर्च झेपत नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत हे आपल्याकडे फार दिसतं: शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी. लोह मातीत असतं, पण मुळांना मिळेल अशा रूपात नसतं, आणि त्याच्याशिवाय हरितद्रव्य घडत नाही.

खोडाची गोष्ट वेगळी. सालीला पानासारखी यंत्रणा नाही. दाट पानोरा असतो तोवर खोड सावलीत सुरक्षित, पण सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढताना छाटणी जरा जास्त झाली की उघडी पडलेली साल भाजते आणि तडकते. मामाजी खोडाला बोर्डो पेस्ट लावतात, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ती मुख्यतः डिंक्या रोगासाठी, पण त्यातला चुना ऊनही परतवतो.

अतिनीलकडे मी मुद्दाम उशिरा येते आहे, कारण त्याचा हिशेबच निराळा. लोक विचारतात, अतिनीलपासून झाड अन्न बनवतं का? हरितद्रव्य ‘ए’ प्रकारचे किरण घेऊ शकतं, परीक्षानळीत ते दिसलंच, आणि त्यावर थोडं काम होतंही. पण पान त्यांना आतपर्यंत येऊच देत नाही. पानाच्या वरच्या पारदर्शक कातडीत फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं साठवलेली असतात. दृश्य प्रकाश त्यांच्यातून निर्धोक पार होतो, अतिनील अडतं. आपल्या डोळ्यांना ती कातडी काचेसारखी स्वच्छ, अतिनीलच्या दृष्टीने ती जवळजवळ भिंत. संत्रावर्गीय झाडं तर या द्रव्यांच्या बाबतीत श्रीमंत आहेत. सालीच्या पांढऱ्या भागातलं हेस्पेरिडिन हे फ्लॅव्होनॉइडच.

ही भिंत कधी बांधायची हे झाडाला कसं कळतं, याचं उत्तर 2011 मध्ये मिळालं. यूव्हीआर-8 नावाचं एक प्रथिन पेशीत जोडीजोडीने राहतं. ‘बी’ प्रकारचे किरण पडले की त्यातल्या ट्रिप्टोफॅन या घटकांवर ते शोषले जातात, जोडी सुटते, आणि सुटं झालेलं प्रथिन पेशीकेंद्रकात फ्लॅव्होनॉइड घडवणारी जनुकं चालू करतं. प्रकाश ओळखणाऱ्या इतर प्रथिनांना वेगळं रंगद्रव्य लागतं, याला तेही लागत नाही. म्हणजे ‘बी’ अतिनील झाडासाठी अन्न फारसं नाही, पण निरोप आहे. आणि तो निरोप मिळाला नसेल तर पान बेसावध राहतं. साधी खिडकीची काच ‘बी’ किरण अडवते. काचेमागे किंवा शेडमध्ये वाढलेलं रोप एकदम उन्हात नेलं की पांढरं पडून करपतं ते काही अंशी यामुळे. नर्सरीतले माळी रोप देताना आठवडाभर आधी अर्ध्या उन्हात ठेवायला सांगतात, त्यांचं जरूर ऐकावं.

भिंत ओलांडून जे किरण आत येतात ते डीएनएच्या साखळीत नको तिथे गाठी मारतात. त्या सोडवायला झाडांकडे फोटोलायेज नावाचं विकर आहे, आणि त्या विकराला चालायला लागते निळ्या किंवा ‘ए’ अतिनील प्रकाशाची ऊर्जा. एका किरणाने केलेली इजा त्याच उन्हातला दुसरा किरण वापरून दुरुस्त होते. माणसाकडे हे विकर नाही, आपल्या पेशींना तेच काम लांबच्या रस्त्याने करावं लागतं.

कोवळ्या पानांकडे यातलं पुरतं काहीच नसतं. कातडी पातळ, यंत्रणा अर्धवट जुळलेली. म्हणून चैत्रात कडुनिंबाला फुटणारी पालवी तांबूस असते. गुढीपाडव्याला आपण गुळाबरोबर चावतो तीच. सेमिनरी हिल्सवरचे पिंपळ त्या दिवसांत गुलाबी-तांब्याचे दिसतात, आणि पेंचच्या जंगलात कुसुम तर दुरून फुलल्यासारखा लालबुंद. तो रंग अँथोसायनिनचा. जास्तीचा प्रकाश, विशेषतः हिरवा, तो स्वतःवर घेतो, आणि खाली हरितद्रव्य हळूहळू मांडलं जातं. मांडून झालं की लाली ओसरते. मार्चअखेर कडुनिंबाची एक डहाळी आठवडाभर रोज पाहावी. टोकाचं पान तांबडं, त्याखालचं पोपटी, त्याखालचं हिरवं, सगळे टप्पे एकाच डहाळीवर ओळीने दिसतात.

या सगळ्या बचावाला एक खोट आहे आणि तिचा आपल्या शेतीशी संबंध आहे. बचाव चढतो लवकर, उतरतो सावकाश. ढग सूर्यावर आला की ऊन क्षणात कमी होतं, पण झियाझँथिन जायला अनेक मिनिटं लागतात. तेवढा वेळ पान गरज नसताना ऊर्जा फेकत राहतं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी ही उतरण वेगवान करणारी जनुकं तंबाखूत घातली, तेव्हा झाडांची वाढ शेतात सुमारे पंधरा टक्के जास्त झाली. 2022 मध्ये त्यांनी तेच सोयाबीनवर केल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एका हंगामात काही वाणांचं उत्पन्न तेहतीस टक्क्यांपर्यंत वाढलं. पुढच्या हंगामात पीक वादळात लोळलं आणि फरक दिसला नाही.

विदर्भात सोयाबीन किती पेरलं जातं हे सांगायला नको, आणि ते वाढतं नेमकं जुलै-ऑगस्टात, ढगांच्या ये-जा चालू असताना. म्हणून हे वाचल्यावर मी मामाजींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे आपल्या इकडच्या उन्हात करून पायलं का कोनी?” मला हा प्रश्न अगदी बरोबर वाटतो. तो प्रयोग झाला 40 अंश उत्तर अक्षांशावर, खोल सुपीक मातीत. आपल्याकडे ढग सरकला की वरून पडणारं ऊन जवळजवळ उभं असतं, त्यात अतिनील जास्त, आणि पावसाने मध्येच पंधरा दिवस ओढ दिली की मुळांना पाणी नाही. अशा पानाने बचाव लवकर उतरवला तर फायदा किती आणि डी-1ची मोडतोड किती वाढते, हे इथल्या काळ्या जमिनीत, कोरडवाहू सोयाबीनवर, दोन-तीन बऱ्यावाईट हंगामांत मोजल्याशिवाय कुणी काही सांगू नये.